नायट्रिक ऑक्साइड इन्सुलिन वाढवतो की रोखतो?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: शरीरक्रियाशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी वाचन चालू आहे. एका ठिकाणी म्हटले आहे की नायट्रिक ऑक्साइडमुळे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी जास्त इन्सुलिन सोडतात. दुसरीकडे, तो इन्सुलिनचा स्राव रोखतो असे आहे. तिसरीकडे तर हाच वायू बीटा पेशी मारून टाकतो असे वाचले. यातले खरे कुठले धरायचे? आणि घरातले एक जण नायट्रिक ऑक्साइड वाढून साखर आटोक्यात राहील म्हणून आर्जिनिनची पूड घेतात, त्याला काही अर्थ आहे का?

तिन्ही खरी धरा. तिन्हींच्या मागे नीट केलेले प्रयोग आहेत. भांडण आहे ते मात्रेचे, वेळेचे आणि ज्या हत्यारांनी मोजमाप केले त्या हत्यारांचे. माझी वीसेक वर्षे आयलेट्ससोबत गेली, म्हणजे बीटा पेशी ज्यात असतात त्या स्वादुपिंडातल्या पुंजक्यांसोबत, लँगरहान्सच्या बेटांसोबत, आणि पहिली तीन-चार वर्षे मीही याच चिखलात रुतून बसले होते. पुडीमागचा तर्क मात्र मुळातच गडबडलेला आहे, आणि या विषयातला निम्मा गोंधळ आर्जिनिननेच घातलेला असल्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

नायट्रिक ऑक्साइड शरीरात बनतो तो एल-आर्जिनिन या अमिनो आम्लापासून. नायट्रिक ऑक्साइड सिंथेज नावाचे एन्झाइम आर्जिनिन आणि ऑक्सिजन घेते, आणि त्यातून सिट्रुलिन व नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतात. आता गंमत बघा. शिरेतून आर्जिनिन दिले की माणसाच्या रक्तात इन्सुलिन झपाट्याने वाढते, हे १९६६ पासून माहीत होते. रक्तवाहिन्या सैल करणारा, तोवर न ओळखलेला गूढ घटक म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे ठरले १९८७ साली. झाले! आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनतो, आर्जिनिनने इन्सुलिन वाढते, म्हणजे नायट्रिक ऑक्साइडनेच इन्सुलिन वाढत असणार, असा दोन अधिक दोन हिशेब लगेच मांडला गेला. १९९२ मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकात याच अर्थाचा शोधनिबंधही आला. त्याच वर्षी त्या साप्ताहिकाने नायट्रिक ऑक्साइडला वर्षातला मानाचा रेणू ठरवले होते, त्यामुळे हवा त्याच बाजूने वाहत होती.

हिशेब चुकला तो विद्युतभारात. शरीरातल्या आम्लतेला आर्जिनिनवर धनभार असतो. ते पेशीत शिरताना हा धनभार आत नेते, पेशीपटलाचा विद्युतदाब ढळतो, कॅल्शियमच्या वाहिन्या उघडतात आणि इन्सुलिन बाहेर पडते. यात नायट्रिक ऑक्साइडची गरजच नाही. याची साधी तपासणी म्हणजे लायसिन आणि ऑर्निथिन. दोघांवरही धनभार आहे, दोघांपासूनही नायट्रिक ऑक्साइड बनत नाही, आणि तरी दोघेही इन्सुलिन वाढवतात. शिवाय सिंथेज बंद पाडून आर्जिनिन दिले, तर इन्सुलिन कमी व्हायला हवे होते. बऱ्याच प्रयोगांत ते उलट वाढलेले दिसते. रुग्णांच्या बीटा पेशींची शिल्लक ताकद मोजायला आजही ५ ग्रॅम आर्जिनिन शिरेतून देऊन पहिल्या काही मिनिटांतले इन्सुलिन बघतात. उपयुक्त चाचणी आहे, पण ती या विद्युतभाराची चाचणी आहे. नायट्रिक ऑक्साइडबद्दल तिच्यातून काही कळत नाही.

आणखी एक गोष्ट पुस्तकात सहसा येत नाही. आयलेट्स वाढवायला आम्ही जे आरपीएमआय १६४० नावाचे माध्यम वापरतो, त्यात लिटरमागे सुमारे १.१५ मिलिमोल आर्जिनिन असते. माणसाच्या रक्तद्रवात ते साधारण ०.१ मिलिमोल. म्हणजे बशीतल्या पेशी मुळातच दहापट आर्जिनिनमध्ये पोहत असतात. आणि एन्झाइमला किती लागते? काही मायक्रोमोल पुरते. पेशीत त्याच्या कितीतरी पट आर्जिनिन आधीच पडलेले असते. काठोकाठ भरलेल्या टाकीत आणखी एक बादली ओतल्याने नळाची धार वाढत नाही, तसा हा प्रकार. ‘आर्जिनिन वाढवले म्हणून नायट्रिक ऑक्साइड वाढला’ असे वाक्य दिसले की मी तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढते.

आता मूळ रस्ता. तो तुम्हाला पाठ असेल, म्हणून भरभर. ग्लुकोज बीटा पेशीत शिरते, ग्लुकोकायनेज हे एन्झाइम त्याला पकडते, मायटोकॉन्ड्रियात एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, तयार होते, एटीपी वाढले की पोटॅशियमच्या एटीपी-संवेदी वाहिन्या मिटतात, पेशीपटलाचा दाब ढळतो, कॅल्शियम आत येते, आणि इन्सुलिनचे कण पटलाला चिकटून फुटतात. पहिल्या पाच-दहा मिनिटांत एक तीव्र उसळी, मग लांबणारा सौम्य दुसरा टप्पा. नायट्रिक ऑक्साइड या रस्त्यावर कुठे भेटतो हे बघायचे, तर एकाच ठिकाणी बोट ठेवता येत नाही. तो ग्लुकोकायनेजपाशी भेटतो, मायटोकॉन्ड्रियात भेटतो, वाहिन्यांपाशी भेटतो, कॅल्शियमच्या साठ्यापाशीही भेटतो. आणि प्रत्येक ठिकाणी त्याचे वागणे वेगळे.

ते वागणे कळायला तीन सिंथेज वेगळी ओळखावी लागतात. चेतापेशीय आणि अंतःस्तरीय ही दोन नेहमी हजर असतात आणि कॅल्शियम वाढले तरच चालतात. कॅल्शियम उतरले की गप्प. तिसरे, प्रेरित सिंथेज, निरोगी बीटा पेशीत जवळपास नसतेच. सायटोकाइनचा, म्हणजे प्रतिकार पेशींच्या निरोप्या प्रथिनांचा, मारा झाला की जनुक जागे होते आणि ते बनू लागते. कॅल्मोड्युलिन हा कॅल्शियमचा निरोप्या त्याला इतका घट्ट चिकटलेला असतो की कॅल्शियम कमी असले तरी ते थांबत नाही. पहिली दोन म्हणजे चावी असलेले नळ, तिसरे म्हणजे फुटलेली जलवाहिनी. पहिल्या दोघांच्या वायूची मात्रा नॅनोमोलमध्ये मोजायची, तिसऱ्याच्या बाबतीत ती मायक्रोमोलकडे सरकते. रेणू तोच, पण मधे शेकडो पटींचे अंतर. हे अंतर लक्षात न ठेवता दोन्हीकडच्या प्रयोगांची सरमिसळ केली, तर तुम्हाला पडला तोच प्रश्न पडतो.

कमी मात्रेची बाजू आधी. नायट्रिक ऑक्साइडचा सगळ्यात हळवा ग्राहक म्हणजे ग्वानिलेट सायक्लेज हे एन्झाइम. काही नॅनोमोल वायू मिळाला तरी ते जागे होते आणि सायक्लिक जीएमपी हा निरोप्या रेणू बनवू लागते. त्याच्यामार्फत प्रोटीन कायनेज जी हे एन्झाइम चालू होते, आणि बीटा पेशीत याचा एक परिणाम असा की पोटॅशियमच्या एटीपी-संवेदी वाहिन्या मिटायला मदत होते, म्हणजे पेशी स्रावाकडे झुकते. रॅटच्या बीटा पेशींवर नायट्रिक ऑक्साइड सोडणाऱ्या औषधाची कमी आणि जास्त मात्रा शेजारीशेजारी वापरून केलेले काम २००३ मध्ये आले. कमी मात्रेत पेशीतले कॅल्शियम आणि इन्सुलिन दोन्ही वाढले, जास्त मात्रेत घटले. तुमच्या पहिल्या दोन वाचनांमधला वाद तिथे एकाच बैठकीत मिटतो. दोघांनी फक्त आलेखाच्या वेगवेगळ्या टोकांवर प्रयोग केले होते.

त्याच वर्षी दुसरे एक काम आले, ते मला या सगळ्या विषयातले सर्वांत देखणे वाटते. बीटा पेशीतले चेतापेशीय सिंथेज इन्सुलिनच्या कणांवर बसलेले सापडते, हे २००१ मध्ये दाखवले गेले होते. २००३ मध्ये रिझो आणि पिस्टन यांनी दाखवले की ग्लुकोकायनेजही त्याच कणांवर, त्याच सिंथेजला धरून बसलेले असते. इन्सुलिनचा संदेश आला की सिंथेज नायट्रिक ऑक्साइड सोडते, तो ग्लुकोकायनेजच्या ३७१व्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतो, आणि ग्लुकोकायनेज कणावरून सुटून कामाला लागते. ती एक सिस्टीन बदलली की हे सगळे बिघडते. ग्लुकोकायनेज हाच बीटा पेशीचा ग्लुकोज ओळखणारा काटा, आणि साखर ८ मिलिमोलच्या आसपास असताना तो निम्म्या वेगावर असतो. म्हणजे नेमक्या त्या टप्प्यात थोडासा नायट्रिक ऑक्साइड काटा किंचित पुढे ढकलतो. वायू बनतो कुठे आणि वापरला जातो कुठे, तर हाताच्या अंतरावर. काही सेकंदांत संपणाऱ्या रेणूला संदेशवाहक म्हणून वापरायचे, तर संसार असाच जवळजवळ थाटायला हवा.

जाता जाता: २००१ च्या त्याच कामात असेही सुचवले होते की हे सिंथेज वायू बनवण्याखेरीज सायटोक्रोम सी कडे इलेक्ट्रॉन देण्याचे दुसरे कामही करते आणि त्याचाही स्रावाशी संबंध आहे. म्हणून सिंथेज रोखणारे औषध दिले आणि इन्सुलिन बदलले, एवढ्यावरून ‘नायट्रिक ऑक्साइडनेच केले’ असे म्हणता येत नाही. एन्झाइम वेगळे, त्याचा वायू वेगळा.

आता रोखण्याची बाजू. स्वीडनमधल्या गटांनी नव्वदच्या दशकापासून सातत्याने मांडले की ग्लुकोजमुळे होणाऱ्या इन्सुलिन स्रावावर नायट्रिक ऑक्साइडचा ब्रेकच असतो, आणि सिंथेज रोखले की स्राव वाढतो. याचे एक स्पष्टीकरण मायटोकॉन्ड्रियात आहे. श्वसनसाखळीतले शेवटचे एन्झाइम, सायटोक्रोम ऑक्सिडेज, ज्या जागी ऑक्सिजन धरते त्याच जागी नायट्रिक ऑक्साइडही बसतो. दोघांची चढाओढ. नायट्रिक ऑक्साइड जिंकला की एटीपी घटते, पोटॅशियमच्या वाहिन्या उघड्या राहतात, आणि ग्लुकोज दाराशी असूनही पेशीला त्याची दखल घेता येत नाही. चढाओढ म्हटल्यावर समोरच्याचे बळही आलेच. ऑक्सिजन भरपूर असेल तर तेवढाच नायट्रिक ऑक्साइड फारसे बिघडवत नाही. ऑक्सिजन कमी असेल तर तेवढ्यानेच कोंडी होते. आयलेटचा व्यास सहसा १०० ते १५० मायक्रॉन, शरीरात त्याच्यात केशवाहिन्यांचे दाट जाळे असते. बशीत ते जाळे रिकामे, ऑक्सिजन फक्त बाहेरून झिरपत येणार. मोठ्या आयलेटचा गाभा बशीत आधीच गुदमरलेला असतो. तिथे पाहिलेला ब्रेक शरीरात तितकाच कडक असेल असे मी मानत नाही.

मारण्याची गोष्ट मात्र वेगळ्याच पातळीवरची आहे, आणि तिथे मी जरा रेंगाळणार.

रॅटचे आयलेट्स काढायचे तर पित्तनलिकेतून कोलॅजिनेज सोडून स्वादुपिंड फुगवतात, मग ते पचू देतात, आणि उरलेल्या गाळातून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक आयलेट पिपेटने वेचतात. फिकट, गोलसर, भोवतालच्या चोथ्यापेक्षा जरा घट्ट दिसणारे हे दाणे. मान अवघडते, पण डोळ्याला सवय झाली की चांगला आयलेट कडेवरूनच ओळखू येतो, कड स्वच्छ आणि अखंड असते. अशा आयलेट्सवर इंटरल्युकिन-१ बीटा हे सायटोकाइन अगदी थोड्या मात्रेत टाकले आणि चोवीस तास ठेवले, तर दुसऱ्या दिवशी बघताना फार काही बिघडलेले दिसत नाही. पण २.८ मिलिमोल ग्लुकोजवरून त्यांना १६.७ वर नेले, तर जी उसळी यायला हवी ती येत नाही. ग्लुकोजला ते बहिरे झालेले असतात. त्याच इंटरल्युकिनसोबत सिंथेज रोखणारे मोनोमिथाइल आर्जिनिन टाकले, की उसळी परत येते. १९९० ते १९९२ या काळात वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी हे दाखवले, आणि मधुमेहाच्या पहिल्या प्रकारात प्रतिकारशक्ती बीटा पेशींना कशी मारते याचे उत्तर सापडले असे तेव्हा वाटले.

आत काय घडते तेही बरेच उलगडले आहे. क्रेब्ज चक्रातल्या अकोनिटेज या एन्झाइममधला लोह-गंधकाचा गाभा नायट्रिक ऑक्साइडने मोडतो, त्यामुळे ग्लुकोजचे ज्वलनच अडते. डीएनएला इजा होते. पेशीतल्या अंतर्द्रव्य जालिकेत कॅल्शियम भरणारा पंप मंदावतो, साठा रिकामा होतो, आणि प्रथिने घडी घालण्याचे काम बिघडते. इन्सुलिनचा कारखाना चालवणाऱ्या पेशीला हा शेवटचा घाव फार महागात पडतो. शिवाय नायट्रिक ऑक्साइड आणि सुपरऑक्साइड एकत्र आले तर पेरॉक्सिनायट्राइट बनते, ते दोघांपेक्षा जहाल. त्यात बीटा पेशीत कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही बचावाची एन्झाइम इतर अवयवांच्या मानाने फारच कमी. १९९८ मध्ये एका जपानी गटाने उंदरांच्या बीटा पेशींतच प्रेरित सिंथेज कायमचे चालू ठेवणारे जनुक घातले. प्रतिकार पेशींचा हल्ला नाही, सूज नाही, तरी त्या उंदरांना मधुमेह झाला. वायू एकटा पुरे होता.

पण तिथेही वेळेचा मुद्दा येतो. इंटरल्युकिनच्या पहिल्या एक-दोन तासांत स्राव उलट थोडा वाढतो. प्रेरित सिंथेज अजून बनलेलेच नसते. चोवीस तासांनंतरही सिंथेज रोखून पेशींना काही तास दिले, तर त्या सावरतात: चयापचय पुन्हा सुरू होतो, ग्लुकोजला प्रतिसाद परत येतो. सुमारे छत्तीस तास उलटून गेले की मग रोखूनही उपयोग नसतो. म्हणजे जास्त नायट्रिक ऑक्साइडलाही ‘रोखणारा’ आणि ‘मारणारा’ अशी दोन रूपे आहेत, आणि मधली रेषा घड्याळावर आहे. तुमचे दुसरे आणि तिसरे वाचन कदाचित एकाच प्रयोगाच्या दोन वेगवेगळ्या तासांचे असू शकते.

माणसाचे आयलेट्स हातात आल्यावर या सगळ्या कथेची धार बरीच बोथट झाली. रॅटच्या आयलेटला इंटरल्युकिन-१ एकटे पुरते. माणसाच्या आयलेटमध्ये प्रेरित सिंथेज जागे करायला त्याच्या जोडीला इंटरफेरॉन गॅमा हे दुसरे सायटोकाइन लागते. आणि १९९४ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशन’मध्ये आलेल्या कामाने दाखवले की नायट्रिक ऑक्साइड बनणे रोखले तरी सायटोकाइनमुळे मानवी आयलेट्सचे काम बिघडतेच. म्हणजे माणसात हा वायू आरोपींपैकी एक आहे, एकमेव नाही. पुढे इंटरल्युकिन-१ लाच अडवणारी दोन औषधे, अनाकिन्रा आणि कॅनाकिनुमॅब, नुकताच पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्यांना देऊन पाहिली. २०१३ मध्ये निकाल आले: बीटा पेशींचे उरलेले काम त्यांनी वाचवले नाही. रॅटवरच्या सुंदर आलेखांवर मोठे झालेल्या आमच्या पिढीला हा धडा कडू लागला. मला तरी लागला.

आता हत्यारांबद्दल, कारण इथे मीही फसले आहे. बाहेरून नायट्रिक ऑक्साइड द्यायचा तर तो सोडणारे संयुग टाकावे लागते. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे सगळ्यांत जुने आणि स्वस्त. एकदा आमच्याकडे त्याचे तांबूस द्रावण रात्रभर उजेडात राहिले आणि त्याला निळसर झाक आली. फेकण्याऐवजी आम्ही ते नियंत्रण म्हणून वापरले, वायू उडून गेलेला असणार, तेव्हा परिणाम शून्य यायला हवा, या हिशेबाने. इन्सुलिन खाली आले ते आलेच, ताज्या द्रावणाइतके नाही पण नक्कीच. कारण लाजिरवाणे साधे होते: नायट्रोप्रुसाइडच्या प्रत्येक रेणूत पाच सायनाइड असतात, आणि सायनाइडही त्याच सायटोक्रोम ऑक्सिडेजला गाठते. आमच्या आधीच्या दोन महिन्यांच्या आकड्यांत नायट्रिक ऑक्साइड किती आणि सायनाइड किती, हे वेगळे करता येईना. ते आकडे कपाटातच राहिले.

म्हणून शोधनिबंध वाचताना आधी संयुगाचे नाव बघा. नोनोएट गटातली संयुगे बरी, कारण त्यांचा वेग ठरलेला असतो, पण त्यांच्यातही फरक प्रचंड: ३७ अंशांना डाय-इथाइलअमाइन नोनोएट दोनेक मिनिटांत निम्मे संपते, तर डेटा नोनोएटला जवळपास वीस तास लागतात. दोन्हींची ‘१०० मायक्रोमोल’ मात्रा कागदावर सारखी दिसते. पेशीच्या दृष्टीने एक म्हणजे चटका, दुसरे म्हणजे दिवसभर मंद आचेवर ठेवणे.

रोखणाऱ्या औषधांचीही तीच गत. मोनोमिथाइल आर्जिनिन हे आर्जिनिनचेच भावंड, त्याच दाराने आत जाते आणि त्याच्यावरही धनभार असतो. वर सांगितलेला विद्युतभाराचा खेळ इथेही आलाच. अशा औषधाने स्राव वाढला, तर ब्रेक काढल्यामुळे वाढला की पेशीपटल ढळल्यामुळे, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. डी-रूपातले, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखे भावंड, जे सिंथेजला रोखत नाही, ते सोबत वापरले आहे का, हे बघायची मला सवयच लागली आहे.

मोजमापाचे म्हणाल, तर ग्रीस नावाच्या रंग देणाऱ्या अभिकारकाची गुलाबी छटा ५४० नॅनोमीटरवर वाचतात. ती नायट्राइटची असते, म्हणजे वायू संपून गेल्यानंतरची राख. एक मायक्रोमोलच्या आसपास तिची मर्यादा, त्यामुळे नॅनोमोलमध्ये चालणारा कारभार तिला दिसतच नाही. ‘निरोगी आयलेटमध्ये नायट्रिक ऑक्साइड आढळला नाही’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘आमच्या चष्म्याला दिसला नाही’ इतकाच. आणि नायट्रेटही नायट्राइटमध्ये बदलून एकत्र मोजणार असाल, तर आरपीएमआय माध्यमात मुळातच कॅल्शियम नायट्रेट आहे हे विसरू नका. विद्यार्थ्यांची पहिली प्लेट सगळीकडे सारखीच गडद गुलाबी येते ती त्यामुळे.

आतापर्यंत सगळे बशीतले झाले. जिवंत प्राण्यात आणखी एक भूमिका आहे, आणि माझ्या मते निरोगी अवस्थेत तीच सर्वांत पक्की आहे: रक्तपुरवठा. आयलेट्स स्वादुपिंडाच्या वजनात १ ते २ टक्के, पण स्वादुपिंडाच्या रक्तातला जवळपास १० टक्के वाटा त्यांना मिळतो. सिंथेज रोखले की हा प्रवाह घटतो. नायट्राइट दिले की प्रयोगातल्या प्राण्यांच्या आयलेट्समधला प्रवाह आणि इन्सुलिन दोन्ही वाढतात, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. ग्लुकोज चढल्याची बातमी बीटा पेशीपर्यंत आणणारे रक्तच, आणि इन्सुलिन घेऊन जाणारेही तेच. वाट रुंद तर निरोप लवकर. वेचून काढलेल्या आयलेटवर कितीही प्रयोग करा, ही भूमिका तिथे दिसणारच नाही.

दुसऱ्या टोकालाही हा वायू आहे. इन्सुलिन स्वतः रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सोडवते, स्नायूंतल्या केशवाहिन्या खुलतात, आणि ग्लुकोज पोचणे सोपे होते. अंतःस्तरीय सिंथेज नसलेल्या उंदरांमध्ये ठळक दिसतो तो इन्सुलिनला प्रतिसाद न मिळण्याचा दोष. ‘नायट्रिक ऑक्साइडने साखर सुधारते’ अशी बातमी वाचली, तर ती स्रावाबद्दल आहे की प्रतिसादाबद्दल, हे आधी वेगळे करा. बातमीत ते सहसा केलेले नसते.

राहिली पूड. आर्जिनिन तोंडाने देऊन नीट केलेली चाचणी आहे: साखर सीमेवर असलेल्या १४४ लोकांवर, दिवसाला ६.४ ग्रॅम, १८ महिने. मधुमेह होण्याचे प्रमाण त्यात लक्षणीय कमी झाले नाही, जरी साखर पुन्हा सामान्य झालेल्यांची संख्या आर्जिनिन गटात जास्त होती. नायट्रेटच्या वाटेने जाणाऱ्यांनी मधुमेहींना दोन आठवडे रोज २५० मिलिलिटर बीटचा रस देऊन पाहिला. २०१३ च्या त्या अहवालात ना रक्तदाब सुधारला ना इन्सुलिनचा प्रतिसाद. उंदरांमध्ये नायट्रेटचे निकाल चांगले आहेत, पण उंदरांमध्ये काय चांगले नसते!

आणि एक गोष्ट त्या घरच्या व्यक्तीला जरूर विचारा: हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे का? झटक्यानंतर आर्जिनिन देऊन पाहिलेली एक चाचणी २००६ मध्ये ‘जामा’त आली. १५३ रुग्ण होते. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही, आणि नव्या रुग्णांची भरती तिथेच थांबवावी लागली. उत्तर ‘हो’ असेल, तर पुडीचा डबा आजच बाजूला ठेवायला सांगा आणि पुढच्या भेटीत तो हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. ‘नाही’ असेल, तरी मधुमेहाच्या गोळ्या कमी करून तिच्या जागी पूड असे काही चालू नाही ना, एवढे नक्की बघा.